आधीं प्रत, मग अपडेट

संगणकाच्या अथवा मोबाईलच्या पडद्यावर मधून मधून एक सूचना येते : नवें अपडेट आलें आहे, तें आतां बसवावें कीं मागाहून? पुष्कळ घरांतून ह्या प्रश्नाचें उत्तर विद्यार्थीच देतात, कारण वडील मंडळी हें काम त्यांच्यावर सोंपवितात. परंतु तें उत्तर विचारपूर्वक दिलें जातें असें म्हणवत नाहीं. कोणी उत्सुकतेनें तत्काळ ‘आतां’ म्हणतो, तर कोणी कंटाळून महिनेच्या महिने ‘मागाहून’ म्हणत राहतो. ह्या दोन्ही प्रकारच्या लोकांच्या वांट्याला काय आलें, हें प्रत्यक्ष घडलेल्या कांहीं गोष्टींवरून पाहावें, आणि त्यांतून आपल्या घरापुरता एक नियम काढावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

अपडेट म्हणजे काय ?

पडदा, कळफलक, स्मृति, छपाईयंत्र हे संगणकाचे दृश्य भाग होत. परंतु त्या सर्वांकडून काम करवून घेणारा एक आज्ञासंच संगणकाच्या आंत असतो. त्यास परिचालन-प्रणाली, किंवा रोजच्या बोलण्यांत ऑपरेटिंग सिस्टिम, असें म्हणतात. विंडोज, लिनक्स, मॅकओएस, मोबाईलवरील अँड्रॉइड व आयओएस हीं ह्या प्रणालींचींच नांवें. शाळेंत वर्ग आहेत, शिक्षक आहेत, घंटा आहे, वाचनालय आहे. पण वेळापत्रकच नसेल तर कोणीं कोठें जावें हें कोणासहि कळणार नाहीं. संगणकांत त्या वेळापत्रकाचें काम ही प्रणाली करिते.

हा आज्ञासंच माणसांनींच लिहिलेला असतो आणि त्याच्या ओळी कोट्यवधि असतात. एवढ्या लिखाणांत चुका राहावयाच्याच. त्यांतील कांहीं केवळ गैरसोयीच्या असतात. कांहीं मात्र अशा असतात कीं, कुंपणाला भोंक असावें आणि त्यांतून चोरानें आंत यावें. चूक सांपडली म्हणजे प्रणाली बनविणारी कंपनी दुरुस्ती तयार करून इंटरनेटवरून सर्वांकडे पाठविते. अशा लहान दुरुस्तीला इंग्रजींत ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, असेंच नांव आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनी २००३ सालापासून विंडोजच्या अशा दुरुस्त्या बहुधा दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं देत आली आहे. ह्याखेरीज केव्हां केव्हां एखादें मोठें अपडेट येतें. त्यांत दुरुस्तीबरोबर पुष्कळ नव्या सोयी असतात आणि प्रणालीचा बराचसा भाग बदलला जातो. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पहिलें काम दाराचें मोडकें कुलूप बदलण्यासारखें आहे. दुसरें घराची मांडणी बदलण्यासारखें आहे.

अपडेट बसवितांना संगणक बंद होऊन पुन्हां कां सुरू व्हावा लागतो, असें विद्यार्थी विचारतात. जी फाईल प्रणाली त्याच क्षणीं वापरीत असते ती बहुधा बदलतां येत नाहीं. चालत्या गाडीचें चाक बदलतां येत नाहीं, तसेंच हें आहे. म्हणून नव्या फाईली आधीं उतरवून घेतल्या जातात, मग गाडी उभी करून चाक बदललें जातें, आणि मग ती पुन्हां चालूं लागते. पडद्यावर शेंकड्यांचे आंकडे सरकत असतात आणि ‘संगणक बंद करूं नका’ असें लिहिलेलें असतें, तोच हा चाक बदलण्याचा वेळ होय.

आतां अनुभवांकडे वळूं.

ऑक्टोबर २०१८ : फाईली कोठें गेल्या ?

२ ऑक्टोबर २०१८ रोजीं विंडोज १० चें एक मोठें अपडेट लोकांस उपलब्ध झालें. पहिल्या दिवसांत तें ज्यांनीं स्वतः होऊन मागितलें त्यांनाच मिळत होतें. म्हणजे हे सारे उत्सुक लोक होते. त्यांच्यापैकीं कांहींनीं संगणक पुन्हां सुरू केला तों त्यांना आपल्या फोल्डरांतील लेख, हिशेब आणि छायाचित्रें नाहींशीं झालेलीं आढळलीं. तक्रारी येऊं लागतांच मायक्रोसॉफ्टनें तीन-चार दिवसांतच तें अपडेट थांबविलें. दुरुस्त होऊन तें पुन्हां १३ नोव्हेंबर रोजीं बाहेर आलें.

असें कां झालें, हें समजून घेण्यासारखें आहे. विंडोजमध्यें डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठराविक नांवांचे फोल्डर संगणकाच्या मुख्य ड्राइव्हवर असतात. तेथें जागा कमी पडली तर ते दुसऱ्या ड्राइव्हवर हलविण्याची सोय आहे. कित्येकांनीं अशी नवी जागा ठरविली होती, परंतु त्यांच्या कांहीं फाईली जुन्या जागींच राहिल्या होत्या. त्याच वर्षाच्या एप्रिलमध्यें आलेल्या अपडेटानंतर कांहीं लोकांनीं तक्रार केली होती कीं, एकाच नांवाचे दोन फोल्डर दिसतात व त्यांतील एक रिकामा असतो. ही क्षुल्लक गैरसोय दूर करावी म्हणून ऑक्टोबरच्या अपडेटांत तो जादा रिकामा फोल्डर काढून टाकण्याची आज्ञा घालण्यांत आली. त्या आज्ञेनें, दुसऱ्या एका बदलाशीं मिळून, जुन्या जागेचा फोल्डरच आंतल्या फाईलींसकट पुसून टाकिला. जुन्या वस्त्राला लाविलेलें नवें ठिगळ ताणलें जातें आणि पहिल्यापेक्षां फाट मोठी होते, हा शुभवर्तमानांतील दाखला आपल्या शाळेंत सर्वांस ठाऊक आहे. येथें अगदीं तसेंच घडलें.

फाईली गमावल्याच्या तक्रारी अपडेट बसविलेल्या संगणकांपैकीं शेंकडा एकाच्या शंभराव्या भागाइतक्या, म्हणजे दहा हजारांत एक, असें कंपनीनें सांगितलें. गणिताच्या दृष्टीनें हें प्रमाण अत्यल्प आहे. परंतु असें समजा कीं दहा लक्ष संगणकांवर तें बसविलें गेलें. तर शंभर घरें ह्या आपत्तींत सांपडलीं. आणि ज्या घरांत आजोबांचीं छायाचित्रें त्या एकाच संगणकावर होतीं, त्या घराला दहा हजारांचा हिशेब ऐकून काय समाधान व्हावें ? ज्याची दुसरी प्रत नाहीं, त्याचा नाश हा नेहमीं शेंकडा शंभरच असतो.

ह्या प्रकरणांत आणखी एक बोधप्रद गोष्ट आहे. मोठें अपडेट सर्वांस देण्यापूर्वीं मायक्रोसॉफ्ट तें स्वेच्छेनें पुढें येणाऱ्या परीक्षकांना देते. त्यांच्यापैकीं कांहींनीं फाईली गेल्याची तक्रार आधींच नोंदविलेली होती. परंतु अशा तक्रारींना दुजोरा देणारे थोडे होते, म्हणून अधिक मतें मिळालेल्या इतर तक्रारींच्या ढिगाखालीं त्या दबून गेल्या. पुढें कंपनीनें तक्रार किती गंभीर आहे हेंहि नोंदविण्याची सोय केली. एखादी गोष्ट किती जण सांगतात ह्यापेक्षां ते काय सांगतात हें आधीं पाहावें, हा धडा केवळ संगणकापुरता नाहीं.

फाईली गेलेल्यांना त्या वेळीं असें सांगण्यांत आलें होतें कीं, संगणकाचा उपयोग शक्य तितका कमी करावा आणि मदतीसाठीं दूरध्वनि करावा. त्याचें कारण असें. फाईल पुसली म्हणजे तिच्यांतील मजकूर पुष्कळदां लागलीच नष्ट होत नाहीं. ती जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाते, आणि दुसरा मजकूर तिच्यावर लिहिला गेला म्हणजे मग पहिला कायमचा जातो. म्हणून गोंधळून जाऊन नाना उपाय करीत बसण्यापेक्षां हात आवरणें, हाच अशा वेळीं पहिला उपाय.

आयफोनचा एक तास

दुसरा अनुभव मोबाईलचा. ॲपल कंपनीची आयओएस ८ ही आवृत्ति १७ सप्टेंबर २०१४ रोजीं आली. फोनवरूनच ती बसवूं पाहणाऱ्यांस सुमारें पांच जीबी मोकळी जागा लागे. ज्यांच्या फोनांत एकंदर जागाच सोळा जीबी होती, त्यांतील कित्येकांनीं ती मोकळी करण्यासाठीं आपलीं छायाचित्रें पुसलीं, आणि कित्येकांनीं तो नादच सोडला. आठवड्याभरानें, २४ सप्टेंबर रोजीं, चुका दुरुस्त करणारें ८.०.१ हें अपडेट आलें. तें बसवितांच आयफोन ६ व ६ प्लस ह्या नव्याकोऱ्या फोनांपैकीं कित्येकांचें मोबाईलचें जाळेंच तुटलें, आणि बोटाच्या ठशानें फोन उघडण्याची सोयहि बंद पडली. फोन हातांत आहे, परंतु त्यावरून बोलतां येत नाहीं, अशी स्थिति झाली. कंपनीनें सुमारें तासाभरांत तें अपडेट मागें घेतलें. तेवढ्या अवधींतहि बाधा झालेल्या फोनांची संख्या चाळीस हजारांच्या आंत होती. एक-दोन दिवसांत ८.०.२ ही आवृत्ति येऊन दोष निवारण झाला. ज्यांनीं दोन दिवस धीर धरिला त्यांना ह्या घोटाळ्याची झळहि लागली नाहीं.

फुली दाबून दिलेला होकार

तिसरा अनुभव निराळ्या जातीचा आहे. २९ जुलै २०१५ पासून एक वर्षपर्यंत विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांस विंडोज १० विनामूल्य मिळत होतें. तें घ्यावें म्हणून पडद्यावर वारंवार चौकट येई. चौकटीच्या कोपऱ्यांतील फुली दाबली म्हणजे ‘नको’, असें सर्वांस वर्षानुवर्षांच्या संवयीनें ठाऊक होतें. परंतु २०१६ च्या मे महिन्याच्या सुमारास ह्या चौकटींत अपडेटाची वेळ आधींच ठरवून दिलेली असे. फुली दाबली तर चौकट जाई, ठरलेली वेळ मात्र कायम राही. परिणामीं, आपण नकार दिला अशा समजुतींत असलेल्या लोकांचे संगणक एके दिवशीं नव्या प्रणालीचे होऊन उभे राहिले. लोकांचा रोष पाहून कंपनीनें पुढें ती चौकट बदलली व स्पष्ट नकाराची कळ दिली. चौकटींतील मजकूर नीट वाचला असतां तर वेळ बदलण्याचा वा रद्द करण्याचा मार्ग त्यांत होता. परंतु वाचतो कोण? न वाचतां दिलेला होकार आणि न वाचतां दिलेला नकार, दोन्ही सारखेच आंधळे.

ज्यांनीं बसविलेंच नाहीं

हे अनुभव वाचून कोणी म्हणेल, मग अपडेटाच्या वाटेसच कशाला जावें ? दुधानें तोंड पोळलेला मनुष्य ताकहि फुंकून पितो. परंतु ताक फुंकून पिणें वेगळें आणि अन्नपाणीच वर्ज्य करणें वेगळें. न बसविणाऱ्यांचा अनुभव आतां पाहा.

१४ मार्च २०१७ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एका मोठ्या भोंकावर ठिगळ दिलें. एका जाळ्यांतील संगणक आपसांत फाईली वाटून घेतात, त्या यंत्रणेंत तें भोंक होतें. ५९ दिवसांनीं, १२ मे रोजीं, ‘वॉनाक्राय’ नांवाचा दुष्ट आज्ञासंच जगभर पसरला. कोणी कांहीं उघडण्याची वा दाबण्याची त्याला गरज नव्हती. त्या भोंकांतून तो एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप जाई, सर्व फाईली गुप्त लिपींत कोंडून टाकी, आणि सोडवणुकीसाठीं तीनशें डॉलर मागे. सुमारें दीडशें देशांतील दोन लक्षांहून अधिक संगणक त्याच्या तावडींत सांपडले.

सर्वांत दारुण स्थिति इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांची झाली. तेथील रुग्णालय-संस्थांपैकीं सुमारें एक तृतीयांश संस्थांच्या कामांत व्यत्यय आला. एकोणीस हजारांहून अधिक रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या असाव्या, असा तेथील सरकारी लेखापरीक्षकांचा अंदाज आहे; पांच भागांतील रुग्णांना तांतडीच्या उपचारांसाठीं दूरच्या रुग्णालयांत जावें लागलें. ह्याच लेखापरीक्षकांनीं दाखवून दिलें कीं, बाधित संगणकांपैकीं बहुतेक विंडोज ७ चे होते; म्हणजे ज्यांच्यासाठीं ठिगळ तयार होतें, दोन महिने हाताशीं होतें, आणि तें बसवावें असे इशारेहि रुग्णालयांना गेले होते. औषध कपाटांत होतें. तें घेतलें गेलें नाहीं, एवढेंच.

विंडोज एक्सपीसारख्या ज्या जुन्या प्रणालीला ८ एप्रिल २०१४ नंतर सामान्य दुरुस्त्या मिळतच नव्हत्या, तिच्यासाठींहि मायक्रोसॉफ्टनें ह्या संकटकाळीं अपवाद म्हणून ठिगळ दिलें. परंतु असा अपवाद नेहमीं होईल ह्या भरंवशावर कोणीं राहूं नये.

लोक मागें कां राहतात ?

न बसविणारे सगळेच आळशी असतात असें म्हणणें अन्यायाचें होईल. खेड्यांत इंटरनेटचा वेग कमी असतो. मोबाईलच्या डेटावर कांहीं जीबीचें अपडेट उतरविलें तर दिवसाचा वाटा संपून जातो. मधेंच वीज गेली तर काय, अशी भीति असते. जुन्या संगणकांत जागा नसते. आपल्याकडील छपाईच्या व लिखाणाच्या कामांत आणखी एक अडचण आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वींच्या मराठी अक्षरसंचांवर पुष्कळ जुनें काम झालेलें आहे. तीं जुनीं साधनें नव्या प्रणालीवर नीट चालतील कीं नाहीं ह्याची खात्री नसते, म्हणून कित्येक जण जुना संगणक आहे तसाच ठेवितात. ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय इतकाच कीं, तसा संगणक इंटरनेटपासून अलग ठेवावा आणि टपाल, बँक इत्यादि व्यवहार दुसऱ्यावर करावे.

पालकांनीं आणखी एक तारीख ध्यानांत ठेवावी. विंडोज १० च्या नित्याच्या विनामूल्य दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपल्या. विंडोज ११ साठीं ठराविक सुरक्षा-चिप व बराच नवा प्रोसेसर लागतो, म्हणून चांगले चालणारे कित्येक संगणकहि तेथवर पोंचूं शकत नाहींत. घरचा संगणक कोणत्या गटांतील आहे, हें सेटिंग्जमध्यें पाहून ठेवावें. तो पोंचत नसेल तर लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली बसविणें हा एक मार्ग आहे. एखाद्या जाणत्या मनुष्याच्या साह्यानें तो अवलंबितां येतो.

नियम

वरील सर्व अनुभव एकत्र ठेविले म्हणजे दोन गोष्टी स्पष्ट होतात. अपडेट घेतल्यानें ज्यांचें कायमचें नुकसान झालें, त्यांच्याजवळ फाईलींची दुसरी प्रत नव्हती. अपडेट न घेतल्यानें ज्यांचें नुकसान झालें, त्यांच्याजवळ वेळ होता पण त्याचा उपयोग झाला नाहीं. म्हणून अपडेट अवश्य घ्यावें. परंतु आधीं प्रत, मग अपडेट. हा नियम आचरणांत आणण्याची रीत अशी :

१. महत्त्वाच्या फाईलींची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यावी, ती उघडून पाहावी, आणि मग तें साधन संगणकापासून काढून ठेवावें. जोडून ठेविलेल्या साधनावरील फाईलीहि वॉनाक्रायसारखे आज्ञासंच कोंडून टाकितात.

२. दरमहाच्या सुरक्षा-दुरुस्त्या कांहीं दिवसांच्या आंत बसवाव्या. मोठें अपडेट मात्र दोन-चार आठवडे थांबून, इतरांचे अनुभव वाचून, मग घ्यावें. विंडोजमध्यें असें थांबण्याची सोय सेटिंग्जमध्यें आहे.

३. परीक्षेच्या वा प्रकल्प देण्याच्या आदल्या रात्रीं अपडेट बसवूं नये. लॅपटॉप विजेला जोडलेला असावा, बॅटरी भरलेली असावी, आणि काम पुरें होईपर्यंत कळ दाबूं नये.

४. अपडेट सेटिंग्जमधूनच घ्यावें. ईमेलांतील वा संदेशांतील दुव्यावरून, अथवा एखाद्या अनोळखी पृष्ठावर ‘तुमचा संगणक जुना झाला’ अशी चौकट आली म्हणून, कधींहि घेऊं नये. चोर पुष्कळदां कुलूप दुरुस्त करणाऱ्याच्या वेषानें येतो.

५. चौकटींतील प्रत्येक ओळ वाचून मगच होय किंवा नाहीं म्हणावें.

६. मोठ्या अपडेटानंतर बिघाड दिसला तर विंडोजमध्यें बहुधा दहा दिवसांपर्यंत पूर्वींच्या आवृत्तीकडे परत जातां येतें. फाईली दिसेनाशा झाल्या तर नवें कांहीं न लिहितां संगणक बंद करावा, आणि घडलेली गोष्ट न लपवितां वडिलांना किंवा शिक्षकांना सांगावी.

ह्यांतील पहिल्या नियमाला फार तर एक तास लागतो. येत्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घरच्या संगणकावरील व मोबाईलवरील छायाचित्रांची आणि कागदपत्रांची एक प्रत वडील मंडळींच्या समक्ष काढून ठेवावी. मग पडद्यावर पुढची सूचना येईल तेव्हां तिला भिण्याचेंहि कारण उरणार नाहीं आणि टाळण्याचेंहि.